चार फुटांना अर्धा इंच

भाड्याने द्यायच्या फ्लॅटचं काम काढलं की घरमालकाच्या आधी एक वाक्य गावभर पोचलेलं असतं. टाइल्सच्या दुकानात ते ऐकू येतं, नळांच्या दुकानात ऐकू येतं, रंगाच्या डब्यांच्या चळतीमागूनही ऐकू येतं: "भाड्यानेच द्यायचाय ना?" दुकानदार विचारायला विसरला तर मिस्त्री विचारतो, मिस्त्री विसरला तर त्याचा हेल्पर. विचारणाऱ्याच्या आवाजात कुचेष्टा नसते, उलट माया असते. तो बिचारा तुमचे पैसे वाचवायला निघालेला असतो. पण एकदा का तुम्ही बेसावधपणे "हो" म्हणालात, की पुढे काहीही चालतं. टाइलचा कोपरा वर आलाय? भाड्यानेच द्यायचाय ना. दार अर्धंच उघडतंय? माणूस आत गेल्याशी कारण. भाड्यानेच द्यायचाय ना.

या वाक्यामागे एक पक्कं गणित आहे. पैसे देतो तो एक, काम करतो तो दुसरा आणि अंघोळ करतो तो तिसरा. स्वतःच्या घरात पैसे देणारा आणि अंघोळ करणारा एकच असल्यामुळे निदान आरडाओरडा तरी होतो. भाड्याच्या घरात हे तिघं एका वेळी बाथरूममध्ये कधीच उभे नसतात. त्यामुळे अर्ध्या इंचाची चूक या तिघांच्या मधोमध पडते आणि तिथेच मुक्काम करते.

आमच्या दाजींचा कर्वेनगरात एक बेडरूमचा फ्लॅट आहे. दाजी बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर इतरांच्या सह्या जुळतात का हे बघण्यात गेल्यामुळे कोणतीही रेघ दुसऱ्या रेघेला जुळली नाही की त्यांना रात्री झोप लागत नाही. जुने भाडेकरू गेल्यावर त्यांनी फ्लॅटचं काम काढलं आणि जाहीर केलं, की ते वाक्य माझ्यासमोर कुणी उच्चारायचं नाही. निवृत्त माणसाला कामावर देखरेख करताना एक साक्षीदार लागतो. ती जागा मला मिळाली.

तसा हा तिढा महाराष्ट्राला नवा नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवून टाकली. भाडं वाढत नाही म्हणून मालक खिळा ठोकेना, आणि घर आपलं नाही म्हणून भाडेकरू ठोकेना. दोन्ही पक्ष गळक्या छपराखाली बसून एकमेकांकडे बघत राहिले. अखेर सरकारला १९६९ मध्ये कायदा करून इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ उभारावं लागलं. आता जमाना लिव्ह अँड लायसन्सचा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. अकरा महिन्यांच्या त्या कराराला वस्तूंची यादी जोडतात: पंखे तीन, ट्यूबलाइट चार, गिझर एक, आरसा एक. पंखा आहे हे तिथे लिहिलेलं असतं. तो फिरताना टकटक करतो का, हे लिहायला रकाना नसतो. फिनिशिंग नावाची गोष्ट त्या यादीत कधीच आलेली नाही, आणि माणूस राहतो तो मात्र फिनिशिंगमध्येच.

सुरुवात टाइल्सपासून झाली. टाइल निवडणं हा आपल्याकडे लग्नाच्या साड्यांच्या तोडीचा कार्यक्रम आहे. ताईही आली होती. मोरबीहून आलेल्या दोन बाय दोनच्या टाइल्स एकेक करून उभ्या राहिल्या. आयव्हरी, क्रीम, बोन, मिल्क अशी एकाच पांढऱ्याची चार नावं ऐकून झाली, आणि अर्ध्या दिवसाच्या खलानंतर ताईने जो पांढरा निवडला तो दुकानात शिरताना पहिल्यांदा दिसलेलाच होता. रंगावर एवढी चर्चा झाली. टाइल लावायला सुरुवात कुठून करायची, यावर मात्र कुणी एक शब्द बोललं नाही.

आणि खरं सगळं तिथेच ठरतं. खोलीची लांबी टाइलच्या पटीत बसेल असं सहसा घडत नाही. कुठेतरी कापलेला तुकडा येणारच. तो पलंगाखाली जावा, कपाटामागे जावा, आणि दारात पाऊल टाकताना अख्खी टाइल दिसावी, एवढीच माफक अपेक्षा. त्यासाठी आधी टाइल्स कोरड्या मांडून बघाव्या लागतात. मिस्त्रीची पद्धत सरळ आहे. तो आतल्या भिंतीपासून अख्ख्या टाइल्स लावत दाराकडे सरकतो, कारण शेवटी त्याला बाहेर पडायचं असतं. दाराशी पोचेपर्यंत तीन इंच उरतात. तिथे तो तीन इंचांची पट्टी बसवतो, वर एकदा समाधानाने हात फिरवतो आणि बाहेर पडतो. पुढे त्या घरात येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या पट्टीला भेटतो, मग यजमानांना.

दोन टाइल्समधली फट सारखी राहावी म्हणून प्लास्टिकचे इवलेसे अधिकचिन्हासारखे स्पेसर मिळतात. किंमत मामुली. दाजींनी पुडाच आणून दिला होता. संध्याकाळी तो खिडकीत जसाच्या तसा, सीलबंद सापडला. "हे वापरलं नाही?" असं विचारल्यावर मिस्त्री म्हणाला, "काका, वीस वर्षांचा हात आहे." हात वीस वर्षांचा होता हे दिसतच होतं. पहिल्या रांगेतल्या फटी दोन मिलिमीटरच्या होत्या, आणि चौथ्या रांगेपर्यंत त्या हातालाही थकवा आला होता.

आता मुख्य विषय. बाथरूमच्या फरशीला ढाळ असावा, हे साऱ्या जगाला मान्य आहे. तो कुणीकडे असावा यावर मात्र एकमत नाही. पुस्तकी प्रमाण ऐंशी ते शंभर भागांना एक भाग. व्यवहारात चार फुटांना अर्धा इंच. पावलाला कळू नये आणि पाण्याला कळावा, इतकाच. पण हा अर्धा इंच चारी बाजूंनी जाळीकडे उतरवायचा असतो आणि मोठी टाइल काही वाकत नाही. म्हणून बाथरूमला एक बाय एकची टाइल घ्यावी, नाहीतर तिरका काप द्यावा. दोन्हींत मेहनत जास्त. मेहनत जास्त म्हटली की ते वाक्य ओठांवर येतं. दाजी समोर असल्यामुळे मिस्त्रीने ते गिळलं आणि सपाट फरशी लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी एक बादली पाणी ओतलं आणि आम्ही ब्रश विकत आणायला गेलो. परत आलो तेव्हा दाराच्या मागच्या कोपऱ्यात एक छोटं तळं आरामात पसरलेलं होतं.

"पाणी थांबतंय," दाजी म्हणाले.

"थांबत नाही काका. सावकाश जातंय."

"सकाळी ओतलंय हे."

"नवीन आहे ना. वापरात आलं की रस्ता धरेल."

पाण्याला सवयीने रस्ता सापडतो, हा सिद्धान्त मी तिथे पहिल्यांदा ऐकला. दाजींनी खिशातून गोटी काढली आणि फरशीवर ठेवली. ती जाळीकडे जाण्याऐवजी बेसिनखाली गेली आणि तिथेच विसावली. मिस्त्रीने थोडा वेळ गोटीकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि शेवटचा उपाय सुचवला: "एक वायपर ठेवून द्या."

इथे सगळ्या प्रकरणाचं सार आहे. वायपर दीडदोनशे रुपयांना येतो आणि मिस्त्रीची चूक पुसून टाकतो. फक्त पुसायचं काम मिस्त्रीकडे नसतं. अकरा महिने रोज सकाळी, ऑफिसची बस गाठायच्या घाईत, एक अनोळखी माणूस विजार गुडघ्यापर्यंत दुमडून मिस्त्रीचं राहिलेलं काम पुरं करतो, आणि त्याबद्दल दर महिन्याला भाडंही भरतो. वाचलेली मेहनत कुठे जात नाही. ती फक्त दुसऱ्याच्या नावावर चढते. हे वाक्य मी दाजींना ऐकवलं तेव्हा त्यांनी एकच शब्द उच्चारला: "फोडा." दुपारी दोन ते चार सोसायटीत ठोकाठोक बंद असते, म्हणून मिस्त्रीला दोन तास विचार करायला मिळाले. चारनंतर त्याने फरशी फोडली आणि ढाळ असा काही काढला की गोटी सुटल्यासुटल्या जाळीवर जाऊन आदळली. म्हणजे येत होतं त्याला. तेच तर खरं दुखणं आहे.

ढाळाची धाकटी बहीण म्हणजे नहाणी ट्रॅप. जाळीखालच्या त्या वाटीत साधारण दोन इंच पाणी साठून राहतं, आणि खालच्या पाइपमधला वास आणि झुरळं तेवढं पाणीच अडवतं. फ्लॅट महिनाभर बंद राहिला की ते पाणी उडून जातं. मग होतं काय, की नवा रंग, नवी टाइल, नवे नळ अशा थाटात मालक दार उघडतो, आणि बघायला आलेलं जोडपं नाकाला रुमाल लावतं. मालक ड्रेनेजवाल्याला बोलावतो, खालच्या मजल्याशी भांडतो, सुगंधी वड्या टांगतो. करायचं असतं ते इतकंच: ये-जा करताना तिथे तांब्याभर पाणी ओतायचं.

प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाड्याचा होता. देशभरातल्या प्लंबरांचं ते माहेर. हात सफाईदार, बोलणं मोजकं. त्याने गरम पाणी डावीकडे आणि गार उजवीकडे या रिवाजाप्रमाणे जोडणी केली, पण नळावरची लाल-निळी टिकली लावायचं काम हेल्परकडे गेलं आणि त्याने रंगसंगती पाहून लावली. असे उलटे नळ भाड्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालतात. जाणारा भाडेकरू येणाऱ्याला किल्ली देताना हलक्या आवाजात सांगतो, "निळा गरम आहे."

त्याहून जुनं दुखणं बादलीचं. शोरूममध्ये नळ बघतात तेव्हा खाली बादली नसते. घरी लावल्यावर कळतं, की नळ इतका खाली आहे की बादली तिरकी करूनच आत जाते, नाहीतर इतका वर की अर्धं पाणी बादलीत आणि अर्धं पायांवर. दाजी स्वतःच्या घरची बादली रिक्षातून घेऊन आले, भिंतीला टेकवून ठेवली आणि वर पेन्सिलीने खूण केली. प्लंबर म्हणाला, इतकी वर्षं काम करतोय, पण साइटवर बादली घेऊन आलेला हा पहिलाच गिऱ्हाईक.

आणि मग खुंटी. नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात आरसा असतो, साबणाची जाळी असते, काचेचं नाजूक शेल्फ असतं, खुंटी नसते. इकडे करारात कलम असतं, की भाडेकरूने भिंतींना खिळे ठोकू नयेत. ही दोन्ही टोकं जोडली तर भाडेकरूने ओला टॉवेल अकरा महिने हातात धरून उभं राहावं, अशी कायदेशीर अपेक्षा निघते. माणूस कायदा मोडत नाही, म्हणून टॉवेल गिझरच्या पाइपवर जातो, चड्डी नळावर आणि शर्ट दाराच्या कडीवर. मग कडी लागत नाही आणि आतल्या माणसाला गाणं म्हणत अंघोळ करावी लागते. एवढं सारं दोन खुंट्यांसाठी. आरशाची उंचीही तशीच: तो लावणाऱ्याच्या उंचीला लागतो. आमचा मिस्त्री सहा फुटी होता. त्या आरशात ताईला स्वतःचा भांग तेवढा दिसला.

इलेक्ट्रिशियनचं शास्त्र वेगळंच. प्लगपॉइंट तो खोलीत एकटाच उभा असताना ठरवतो. त्या वेळी पलंग नसतो, कपाट नसतं. सामान आल्यावर पलंगाजवळचा पॉइंट कपाटामागे जातो आणि फोन चार्जिंगला लावून माणूस दाराशी उभा राहून बोलतो. वॉशिंग मशीनला सोळा अँपियरचा सॉकेट लागतो. मशीनच्या जागी सहाचा निघतो, आणि सोळाचा हॉलमध्ये, देवघराच्या शेजारी. दिव्याचं बटण उघड्या दाराच्या मागे असेल तर आत जाऊन, दार लोटून, अंधारात चाचपडावं लागतं. बटणांच्या मोठ्या बोर्डावर एक बटण तर असं असतंच, की जे दाबल्यावर काहीच होत नाही. भाडेकरू ते पहिल्या आठवड्यात पुन्हापुन्हा दाबून बघतो. नंतर त्याला शंका येऊ लागते, की खालच्या मजल्यावर काहीतरी होत असेल.

सुताराने बिजागऱ्यांचे स्क्रू आणले आणि हातोडीने ठोकले. पेचकस त्याच्याकडे होता. शेवटचे दोन वेढे त्याने पेचकसानेच दिले, बहुधा स्क्रूच्या समाधानासाठी. असा स्क्रू लाकडात पकड घेत नाही, नुसता मुक्कामाला असतो. दाराच्या कडेला रंधा कुठल्या महिन्यात मारला, यावरही पुढचं भवितव्य ठरतं. मे महिन्यात अगदी नेटकं बसणारं लाकडी दार जुलैत फुगून चौकटीला धरून बसतं. जुलैत तासलेलं दार मे महिन्यात इतकी फट दाखवतं की आत कोण आहे ते विचारावं लागत नाही. आणि डोअर स्टॉपर! इतक्या छोट्या वस्तूने इतक्या भिंती वाचवल्या असत्या. तो नसला की दाराची मूठ प्लास्टरमध्ये आपल्या मापाचा खड्डा पाडते, आणि तो खड्डा मग भाडेकरूच्या डिपॉझिटमधून भरला जातो.

सगळ्यात शेवटी रंगारी येतो. आधीच्या सर्वांचे अपराध पोटात घालण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. भिंतीची फट असो, चौकटीचा पोकळ आवाज असो, लांबी भरली की संपलं. पण ब्रश हातात आला की त्याला थांबवणं अवघड. तो भिंतीबरोबर बटणांच्या कडा रंगवतो, बिजागऱ्या रंगवतो, खिडकीची कडी खिडकीसकट रंगवतो. मग ती खिडकी पुढच्या नूतनीकरणापर्यंत उघडत नाही. बोर्डाला कागदी पट्टी लावून घ्या म्हटलं तर तो दुखावतो. "हात साफ आहे आपला," असं म्हणताना त्याच्या कोपरापासून कानापर्यंत ऑफव्हाइट असतो. दाजींनी उरलेला रंग डब्यात भरून, झाकणावर शेडचा नंबर लिहून माळ्यावर ठेवला. या एका गोष्टीबद्दल रंगाऱ्याने त्यांच्याकडे आदराने बघितलं, कारण पुढच्या वेळी डाग झाकायला नेमका तोच ऑफव्हाइट मागणारे मालक त्याने भरपूर पाहिले होते.

काम संपलं असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. बेसिनवर दहा वर्षांच्या हमीचा स्टिकर तसाच होता, सिंकवर होता, आरशावर होता. स्टिकर काढण्याचं काम कुठल्याच कारागिराच्या कक्षेत येत नाही. प्लंबर म्हणतो ते सफाईवाल्याचं, सफाईवाला म्हणतो मालकाचं, आणि मालकाला वाटतं, राहू दे, नवं दिसतं. भाडेकरू दोन वर्षं राहतो, स्टिकरचे कोपरे काळे पडतात, आणि हमी मात्र दहाच वर्षांची राहते.

अशा वेळी दाजींनी तो ऐतिहासिक निर्णय घेतला. एक सतरंजी, एक टॉवेल, फोनचा चार्जर आणि डबा घेऊन ते एक रात्र त्या रिकाम्या फ्लॅटवर राहायला गेले. सकाळी परतले ते फुलस्केपच्या दोन्ही बाजू भरून. रात्री उठल्यावर बटण सापडत नाही. बेसिनमध्ये हात धुताना बोटांची मागची बाजू भांड्याला घासते. ओट्याची कड पोटाला टोचते. बाथरूमची कडी लावायला दार उचलावं लागतं. जे महिनाभराच्या देखरेखीत दिसलं नव्हतं ते एका रात्रीत दिसलं, कारण देखरेख माणूस उभ्याने, चप्पल घालून आणि हात मागे बांधून करतो. राहायचं म्हटलं की वाकावं लागतं, झोपावं लागतं, ओल्या पायांनी अंधारात चालावं लागतं.

मिस्त्रीने यादी शांतपणे वाचली. शेवटपर्यंत वाचून तो मनापासून हळहळला. "काका, तुम्ही स्वतः राहणार होतात, तर आधी सांगायचं ना!" आणि दोन दिवसांत त्याने सगळं चोख करून दिलं. एकही काम अवघड नव्हतं. पेचकस होता, पाणसळ होती, हात तर वीस वर्षांचा होताच. कमी होता तो फक्त त्या घरात राहणारा एक ओळखीचा चेहरा.

हिंजवडीत नोकरी करणारं एक तरुण जोडपं राहायला आलं. दाजी महिनाभर फोनची वाट बघत होते. ढाळाबद्दल नाही तर नाही, निदान खुंट्यांबद्दल तरी दोन शब्द येतील. फोन आला: "काका, लिफ्टमध्ये मोबाइलला रेंज येत नाही." दाजी खट्टू झाले. पण नीट केलेल्या छोट्या कामाचं बक्षीस हेच असतं. बाथरूममधलं पाणी आपोआप निघून जातंय हे सांगायला आजवर कुणी कुणाला फोन केलेला नाही.

परवा दाजींकडे जेवायला गेलो. हात धुवायला उठलो तर त्यांच्या स्वतःच्या बाथरूममध्ये दाराशी पाणी साचलेलं, आणि ताई पदर खोचून वायपरने ते जाळीकडे ढकलत होती. घर घेतल्यापासून ढकलते आहे म्हणे. कडी लावायला दार उचलावं लागतं, आणि टॉवेलची खुंटी गेली पंधरा वर्षं एकाच स्क्रूवर आहे. मी दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "चालतंय की. आपल्यालाच तर राहायचंय."

ताईने वायपर भिंतीला टेकवून ठेवला. "अहो," ती म्हणाली, "हे घर एकदा भाड्याने द्यायला काढा. काम झालं की भाडेकरू म्हणून आपणच येऊ."